मुरलेला रस

“कृपा म्हणजे काय?” पाडळेपंचांनी बशीतली आणखी एक करंजी उचलत विचारलं.

याकोबमामा दाराजवळच्या स्टुलावर अंग चोरून बसला होता. इस्त्रीचा सदरा, तेल लावून चापूनचोपून बसवलेले केस, आणि पंक्चरच्या दुकानातलं काळं काही केल्या निघालं नाही म्हणून मांड्यांखाली दडवलेले हात.

“लायकी नसताना देव फुकट देतो ती, साहेब,” तो म्हणाला.

हे उत्तर आमच्या कंपाउंडातल्या शेंबड्या पोरालाही येत असे. रविवारच्या शाळेत ते इतक्या वेळा घोकून घेत की त्याचा अर्थ विचारायची वेळ कुणावर येत नसे.

“बरोबर. पाठांतर चांगलं आहे.” पाडळेपंचांनी सारण सांडू न देता करंजी तोंडात टाकली. “आता असं सांग, ती कृपा मिळण्याइतकी तुझी लायकी झाली आहे, हे मंडळीनं कशावरून मानायचं?”

कुणालाही हसू आलं नाही. पाळकसाहेबांनी गंभीरपणे मान डोलावली. उजागरे आणि कसोटे हे दुसरे दोन पंच एकमेकांशी बोलत नसत, त्यामुळे दोघांनी आपापल्या दिशेला बघून हुंकार भरला. माझ्या आईनं तर पाडळेपंचांकडे असं कौतुकानं पाहिलं की जणू एवढा खोल प्रश्न आजवर कुणाला सुचलाच नव्हता. मी तोंडात पदर कोंबला. मी तेव्हा मिशनच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते आणि चर्चच्या पंचांच्या सभेत तरुण संघाची प्रतिनिधी होते. मत द्यायचा अधिकार मला नव्हता. चहा द्यायचा होता.

कडेवाडीच्या मिशन कंपाउंडातली ही गोष्ट. आता माझेही केस पिकले, पण ते दिवस मला काल घडल्यासारखे आठवतात.

मामा एके काळी मिशनच्या दवाखान्याची जीप चालवायचा आणि उपासनेत पेटी वाजवायचा. दोन्ही कामं तो प्यायलेला असतानाही उत्तम करी, म्हणून बरीच वर्षं कुणी बोललं नाही. मग एका नाताळच्या सकाळी त्यानं जीप पाळकसाहेबांच्या वांग्यांच्या वाफ्यात घातली आणि मंडळीला एकदम त्याच्या आत्म्याची काळजी वाटू लागली. नोकरी गेली, पेटी गेली, आणि त्याला शिस्तीखाली घातलं. शिस्तीखाली म्हणजे उपासनेला यायचं, पण दाराशेजारच्या शेवटच्या बाकावर बसायचं आणि प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर आणि रस घ्यायची, वेळ झाली की मुकाट्यानं उठून बाहेर जायचं. दीनामामी लेकीला घेऊन माहेरी निघून गेली. जाताना ती म्हणाली होती, “ज्या दिवशी मंडळी यांना प्रभूच्या मेजावर घेईल त्या दिवशी मी पिशवी घेऊन परत येईन. तोवर मला बोलवायला येऊ नका.”

मामानं दारू सोडली त्याला वर्ष उलटून गेलं होतं. कशी सोडली ते त्यानं कधी सांगितलं नाही. पण संध्याकाळ झाली की तो आमच्या ओट्यावर येऊन बसायचा आणि अंधार पडेपर्यंत शेंगा फोडत राहायचा. खायचा नाही, नुसता फोडायचा. हातांना काहीतरी काम हवं, एवढंच म्हणायचा.

“वर्ष झालं साहेब, थेंब घेतला न्हाई,” तो आताही तेवढंच म्हणाला.

“ते तू म्हणतोस.”

“मी म्हणते,” आई म्हणाली. “मी जामीन आहे त्याची.”

माझी आई मार्थाबाई. महिला मंडळाची अध्यक्ष, शाळेची माजी मुख्याध्यापिका, आणि गेली कित्येक वर्षं प्रभुभोजनाचा द्राक्षरस करणारी एकमेव बाई. तिला ‘नाही’ म्हणायची पाडळेपंचांचीही छाती नव्हती. तिनं जामीन राहण्यात भावावरची माया होती, नाही असं नाही. पण त्याहून जास्त तिला घराण्यावरचा डाग धुवून हवा होता, आणि ती हे त्याच्या तोंडावर बोलूनही दाखवी. मामानं ओट्यावर फोडलेल्या शेंगांची टरफलं झाडताना ती म्हणायची, “एकदाचा तू मेजावर बसलास की मी महिला मंडळात मान वर करून बसेन.” खरं तर तिची मान खाली गेलेली कुणी पाहिली नव्हती.

शेवटी ठरलं. ईस्टरच्या रविवारी मामाला मंडळीसमोर उभं करून परत घ्यायचं, आणि तेव्हाच प्रभुभोजन द्यायचं. पाडळेपंचांनी उरलेल्या करंज्या घरच्यांसाठी रुमालात बांधून घेतल्या आणि डोळे मिटून, मामाच्या सगळ्या पापांचा नावानिशी उल्लेख करत, लांबलचक प्रार्थना केली.

आईनं रसाचं मनावर घेतलं. एरवी ती शनिवारी संध्याकाळी काळ्या मनुका उकळायची, कुस्करायची, मलमलच्या फडक्यातून गाळायची, आणि रविवारी सकाळी पाळकसाहेबांच्या हाती सुरई द्यायची. पण या वेळी भावाचा प्रश्न होता. लोणचं मुरलं की चव येते, मग रसानं काय घोडं मारलंय, असा तिचा हिशेब. पंधरवडा आधीच तिनं रस उकळला, एरवीच्या दुप्पट केला, साखर सढळ हातानं घातली, आणि रंग चढावा म्हणून वरून मूठभर कोरड्या मनुका टाकल्या. मग चिनी मातीच्या बरणीला दादरा बांधून ती चुलीशेजारच्या उबेला ठेवून दिली.

“मुरू दे,” ती मला म्हणाली. “असा रस मंडळीनं कधी घेतला नसेल.”

हे तिचं म्हणणं मात्र शब्दशः खरं ठरलं.

ईस्टरला चर्च गच्च भरलं होतं. आमच्याकडे पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे. मामा पहिल्या बाकावर एकटा. आमच्या बाजूला पहिल्या बाकावर आई, तिच्या शेजारी मी, आणि माझ्या शेजारी दीनामामी, पायाशी तिची पिशवी. पिशवीतून लेकीचे दोन फ्रॉक आणि पोळपाटाची कड दिसत होती. मामी येणार की नाही, याची मामाला सकाळपर्यंत खात्री नव्हती. ती आत आली तेव्हा त्यानं वळून पाहिलं आणि लगेच मान फिरवली. त्याचे कान लाल झाले होते.

मामाला उभं केलं. पाडळेपंचांनी वांग्यांच्या वाफ्यापासून सुरुवात करून सगळं पुन्हा एकदा सांगितलं, म्हणजे कुणी विसरलं असेल तर पंचाईत नको. मग पाळकसाहेबांनी मामाच्या डोक्यावर हात ठेवला, मंडळीनं ‘आमेन’ म्हटलं, आईनं डोळे पुसले. भाकर फिरली. मग रस.

आमच्याकडे एकच प्याला नसतो. जुन्या मिशनऱ्यांनी विलायतेहून आणलेली लाकडी तबकं आहेत, त्यांच्या भोकांमध्ये अंगठ्याएवढे काचेचे कप बसतात. प्रत्येकानं आपला कप उचलून हातात धरायचा आणि पाळकसाहेबांनी सांगितलं की सगळ्यांनी मिळून प्यायचं. पुरुषांच्या बाजूचं पहिलं तबक मामाकडे आलं, त्याच वेळी दुसरं आमच्या बाकावर. त्यानं कप उचलला. तोंडाजवळ नेला. क्षणभर तसाच धरला. मग तो परत तबकात ठेवून दिला.

तबक घेऊन उभे असलेले उजागरेपंच हळूच म्हणाले, “घे.”

मामानं मान हलवली.

“अरे, घे! सगळे बघतायत!”

“न्हाई, साहेब.”

पाळकसाहेबांना काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी पुस्तकात पुढं लिहिलं होतं ते वाचलं. बाकीच्यांनी कप रिकामे केले. मीही केला. रस झणझणीत होता, घशातून खाली ऊब उतरत गेली. मामाचं हे काय चाललंय म्हणून माझा जीव वर आला होता, आणि तरीही पोटातून इतकं बरं वाटत होतं की मी मनात म्हटलं, कृपा कृपा म्हणतात ती हीच असणार.

आई दगडासारखी बसली होती. मामीनं आपला कप एका घोटात संपवला, तोंड पुसलं आणि पुरुषांच्या बाजूला बघत राहिली. मला वाटलं, झालं. आता ही पिशवी उचलणार आणि पहिल्या एस.टी.नं माहेरी जाणार.

उपासना सुटल्यावर मामाला पायरीवर बसवून ठेवलं आणि पंच चर्चमागच्या खोलीत जमले. आईला जामीन म्हणून बोलावलं, मी प्रतिनिधी म्हणून गेले. आणखी एक काम होतं. आशीर्वाद मागितलेला रस ओतून देता येत नाही, तो पंचांनी संपवायचा असतो. एरवी तळाशी पेलाभर उरायचा. या वेळी आईनं दुप्पट केला होता, त्यामुळे सुरई जवळपास भरलेली होती. मी पेले मांडले.

“कृपा नाकारली!” पाडळेपंचांनी पहिला पेला संपवून टेबलावर आपटला. “माझ्या उभ्या आयुष्यात असा माणूस पाहिला नाही. आणखी एक वर्ष शिस्तीखाली.”

“दोन,” कसोटे म्हणाले.

“मार्थाबाई, रस मात्र उत्तम झालाय.”

“मुरवलाय,” आई पडलेल्या आवाजात म्हणाली.

दुसऱ्या पेल्यानंतर पाडळेपंचांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं. “एक वर्ष जास्त होतं का हो, पाळकसाहेब? सहा महिने पुरे.”

“तरुण माणूस आहे,” पाळकसाहेब म्हणाले. ते छताकडे बघून हसत होते. मामा पन्नाशीला टेकला होता.

तिसऱ्या पेल्यानंतर उजागरे उठून कसोट्यांसमोर उभे राहिले. त्या दोघांचं दोन घरांमधल्या कुंपणावरून वैर होतं, इतकं जुनं की कुंपण कधीच पडून गेलं होतं. “कसोटे,” उजागरे म्हणाले, “ती बाभळ तुमचीच होती.” कसोटेही उठले. “नाही उजागरे, तुमचीच.” मग बाभळ कुणाची यावर दोघांचं पुन्हा भांडण जुंपलं, फक्त या वेळी दोघंही ती दुसऱ्याला देऊ पाहत होते. शेवटी गळ्यात गळे घालून रडले.

“पवित्र आत्मा उतरलाय,” पाळकसाहेब पुटपुटले. “शलोमी, बघून ठेव. आज या खोलीत आत्मा उतरलाय.”

मी खरोखरच तोंड उघडं टाकून बघत होते. आईच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. ती सुरईतून सगळ्यांना वाढत होती.

“याकोबला बोलवा!” पाडळेपंच गरजले. “कोण आपण त्याला बाहेर बसवणारे? मी काय कमी पापी आहे? सांगा ना!” कुणी काही सांगितलं नाही, पण कुणी नाहीही म्हटलं नाही.

मामा आत आला. दारातच थबकला. त्यानं पंचांकडे पाहिलं, टेबलावरच्या पेल्यांकडे पाहिलं, मग आईकडे. पाडळेपंचांनी धावत जाऊन त्याला मिठी मारली. “याकोब, माझ्या भावा! तू कप घे नाहीतर नको घेऊ, तू आमचा आहेस! मला क्षमा कर!”

“बसा साहेब, आधी बसा,” मामा म्हणाला आणि त्यांना धरून खुर्चीत बसवलं.

“नाही, तू आधी क्षमा कर!”

“केली. बूट कुठं हायत तुमचे?”

मामानं खाली बसून पाडळेपंचांना बूट घातले, कारण ते डावा बूट उजव्या पायात कोंबत होते. मग म्हणाला, “बाहेर ऊन लय हाय. मागच्या बोळानं चला.” आणि एकेकाला हाताला धरून, पुढच्या अंगणात गप्पा मारत उभ्या असलेल्या मंडळीच्या नजरेस न पडू देता, त्यानं चौघांनाही घरी पोचवलं. पाळकसाहेब वाटेत गात होते. मामानंही त्यांच्या आवाजात आवाज मिसळला, म्हणजे ऐकणाऱ्याला ते भजन वाटावं.

आई घरी आली ती तरंगतच. तिला सगळंच कोडं होतं, पण उत्तर तिच्या मनासारखं आलं होतं. “माझ्या रसाला यश आलं,” ती म्हणाली. “मात्र त्यानं तो कप का ठेवला, ते मी त्याला कधीच विसरू देणार नाही.”

तिसऱ्या प्रहरी मी मामाच्या खोलीवर गेले. मामी माहेरी गेली असेल आणि मामा एकटाच बसला असेल असं मला वाटलं होतं. बघते तर मामी भांडी फळीवर लावत होती, लेक मामाच्या मांडीवर झोपली होती आणि मामाच्या चेहऱ्यावर भीती आणि आनंद अशी काही भेसळ झाली होती की त्याच्याकडे बघवत नव्हतं.

“मामी, तू राहिलीस?”

“का न राहू?”

“अगं, त्यानं कप नाकारला! सगळ्यांसमोर!”

मामीनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. “पोरी, तू मास्तरीण झालीस पर तुझ्या नाकाला अक्कल न्हाई आली. दारू होती ती.”

मी खाली बसले.

“वन्संच्या हातची, मनुकांची, पर दारूच. आगं, मी ह्यांच्या बाजूला उशाला उशी लावून झोपलीया. मला कळणार न्हाई? कप नाकाशी आला आन् मी ह्यांच्याकडं बगितलं. म्हणलं, संपलं. आता ह्ये पेणार, सारी मंडळी ‘आमेन’ म्हणणार, आन् उद्यापासनं पुन्हा तेच. बगते तर ह्यांनी ठेवला.” तिनं पातेलं पुन्हा उचललं. “मंडळीनं घेतलं तर येईन म्हणलं होतं मी. मंडळी गेली खड्ड्यात.”

आता एकेक गोष्ट माझ्या डोक्यात उजेडासारखी शिरली. ती बाभळ, ते बूट, ते छताकडे बघून हसणं. त्यांना कसं कळलं नाही, असं वाटून मला हसू फुटलं. पण कळणार कसं? ज्यांनी दारू कधी चाखली नव्हती त्यांना ती ओळखता येत नव्हती, आणि ज्यांना ओळखता आली असेल त्यांना तसं म्हणायची सोय नव्हती.

“मामा, तेवढ्याशा कपानं काय झालं असतं?”

“तेवढ्याशानंच होतं, पोरी.” तो लेकीच्या केसांतून हात फिरवत होता. “वास आला आन् तोंडाला पाणी सुटलं माझ्या. लाज वाटती सांगायला. प्रभूच्या मेजापुढं बसलो होतो आन् तोंडाला पाणी सुटलं.”

“मग तिथंच का नाही बोललास? एका शब्दात सुटला असतास!”

“आन् ताई?”

“आईचं काय?” मी विचारलं.

“दारुड्याच्या बहिणीनं मेजावर दारू मांडली, आसं झालं असतं. पाडळेसाहेबानं तिचं मंडळ काढलं असतं, रस काढला असता आन् मागच्या बाकावर नेऊन बसवलं असतं. मला त्या बाकाची सवय झाली. ताईला एक रविवार झेपला नसता.”

“तिनं तुम्हाला जन्मभर काय कमी बोल लावला?” मामी म्हणाली.

“लावला की. पर जामीन बी तीच राहिली.” मग माझ्याकडे बघून तो म्हणाला, “शलोमे, तिला सांगायचं न्हाई. शप्पत घे.”

आमच्यात शपथ घेत नाहीत, हे मी त्याला सांगितलं. मग घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाळकसाहेबांच्या घरी तातडीची सभा बोलावली. पाडळेपंच कपाळावर ओला रुमाल ठेवून बसले होते. काल ऊन लागलं, असं त्यांचं म्हणणं होतं. पाळकसाहेबांनाही ऊन लागलं होतं. उजागरे आणि कसोटे पुन्हा एकमेकांकडे पाठ करून बसले होते, आणि दोघांनाही बाभळीबद्दल आपण काल काय बोललो ते फारसं आठवत नव्हतं, फक्त काहीतरी हातचं गेलं एवढा संशय होता.

“काल पंच भावनेच्या भरात होते,” पाडळेपंच हळू आवाजात म्हणाले, कारण मोठ्यानं बोललं की त्यांचं डोकं ठणकत होतं. “आत्म्याचा संचार मोठा झाला, त्याबद्दल प्रभूची स्तुती असो. पण आत्मा वेगळा आणि शिस्त वेगळी. याकोब, शेवटचं विचारतो. मंडळीनं दिलेली कृपा तू का नाकारलीस?”

मामा स्टुलावर बसला होता. त्याच्या मागं मामी उभी होती. आई पाळकबाईंच्या शेजारी ताठ बसली होती. मामानं तिच्याकडे एकदाच पाहिलं. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. चार शब्द, आणि त्या ओल्या रुमालाची अशी काही शोभा झाली असती की कडेवाडीनं पिढ्यान्पिढ्या सांगितली असती. मामीनं मागून माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तो आठवडाभर काळानिळा होता.

“माझी लायकी नव्हती, साहेब,” मामा म्हणाला.

पाडळेपंचांना एकदम बरं वाटलेलं दिसलं. त्यांनी रुमाल काढून ठेवला. “हे मात्र खरं बोललास. आणखी एक वर्ष शिस्तीखाली. आणि दीनाबाई, तुम्ही घाई केलीत. याला मंडळीनं घेतलेलं नाही. तुम्ही माहेरी परत गेलात तर मंडळी तुम्हाला दोष देणार नाही.”

“माझी भांडी लावून झाली, साहेब,” मामी म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे मी ऱ्हाणार. मंडळीनं घ्यायचं तेव्हा घ्यावं. मी घेतलं.”

पाडळेपंचांनी रुमाल पुन्हा कपाळावर ठेवला. सभा आटोपली. प्रार्थनेनंतर पाळकसाहेब आईला म्हणाले, “मार्थाबाई, पुढच्या वेळीही रस असाच मुरवा. असा तृप्त करणारा रस आजवर झाला नव्हता.” मामानं झटकन मान वर केली.

बाहेर व्हरांड्यात चपला घालताना तो आईजवळ सरकला. “ताई, एक सांगू? रस आदल्या सांजंलाच करत जा. ताजाच बरा.”

आई गर्रकन वळली. कालपासून दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं. “तू? तू मला रस कसा करायचा ते शिकवणार? ज्यानं तोंडाला लावला नाही तो? तुझ्यासाठी मी पंचांच्या विनवण्या केल्या, पंधरा दिवस त्या बरणीवर पहारा दिला, आणि सगळ्या मंडळीसमोर माझं नाक कापलंस! तेवढासा कप तुझ्या घशाखाली उतरला नाही?”

“चुकलो, ताई.”

“पाडळेसाहेब तुला भाऊ म्हणून मिठी मारतात, आणि तू!”

“चुकलो म्हणालो ना.”

आईनं पदरानं डोळे टिपले, पदर नीट केला आणि मान ताठ केली. तिला राग फार वेळ धरता येत नसे. क्षमा करायला मात्र तिला फार आवडे. “जाऊ दे,” ती म्हणाली. “केली मी तुला क्षमा. दुसरी कुणी असती तर तोंड पाहिलं नसतं तुझं. माझ्यावर देवाची कृपा आहे, म्हणून मला जमतं हे.”

मी मामाकडे पाहिलं. निदान ओठांचा कोपरा तरी हलेल असं मला वाटलं होतं. त्यानं पंक्चरच्या काळ्या पडलेल्या बोटांनी हात जोडले, डोळे मिटले आणि अगदी मनापासून म्हणाला, “आमेन.”